मोजा सापडेपर्यंत

'मान्य आहे' या बटणावर माणूस किती वेळात बोट टेकवतो, हे कलमबाईला तोंडपाठ होतं. दीड सेकंद. कंपनीकडे तसा आकडाच होता. ही कंपनी मोठमोठ्या इमारतींच्या तळघरांत कपडे धुण्याची मशीन्स बसवायची. फोनवर ॲप उघडायचं, अटी मान्य करायच्या, की मशीनचं दार टक्कन उघडायचं. त्या अटी कलमबाई लिहायची. बेचाळीस कलमं, बारीक टायपात अठरा पानं. दीड सेकंदात अठरा पानं वाचणारा महापुरुष अजून जन्माला आलेला नाही, हे सांगायला ज्योतिषी नको.

"आळशी मेले," ती म्हणायची. "उद्या मी लिहिलं की तुमचं नाक कंपनीच्या मालकीचं, तरी हे 'मान्य' म्हणून मोकळे."

बरं, साठ हजार ग्राहक राहिले बाजूला, कचेरीतली माणसं तरी कुठे वाचत होती? अटींची नवी आवृत्ती आली की तिच्यावर सात जणांची मंजुरी लागायची, शेवटची संचालकसाहेबांची. सातही जण मंजुरी देताना खुर्चीला टेकलेली पाठसुद्धा उचलत नसत. म्हणून कलमबाईने एक खोड लावून घेतली होती. प्रत्येक मसुद्यात, कलम तेवीसमध्ये, ती एक वेडं वाक्य घालायची आणि कोणी धरतंय का ते बघायची. 'ग्राहकाने दर सोमवारी मशीनला सुप्रभात म्हणावे.' सात मंजुऱ्या. 'पिवळे कपडे धुताना ग्राहकाने डोळे मिटावेत.' सात मंजुऱ्या. सातवी आली की फाइल परत तिच्याकडे यायची, ती वाक्य काढून टाकायची, मनातल्या मनात सातही जणांना नापास करायची आणि अटी ग्राहकांकडे रवाना करायची. चार वर्षं हा खेळ बिनबोभाट चालला होता.

आणि मग तो गुरुवार उजाडला. सकाळी तिने फाइल उघडली, तर अटी आदल्या संध्याकाळीच रवाना झालेल्या. साहेबांनी 'मंजूर' दाबलं, त्याखाली 'प्रसारित करा' असं दुसरं हिरवं बटण दिसलं, आणि हिरवं दिसलं म्हणून त्यांनी तेही दाबलं. कलम तेवीस आता साठ हजार फोनांमध्ये जाऊन बसलं होतं. ते असं:

'मशीनने ग्राहकाचा एक मोजा गिळल्यास, कंपनीचे संचालक स्वतः ग्राहकाच्या घरी येऊन तो मोजा शोधतील व सापडेपर्यंत परत जाणार नाहीत.'

कलमबाईच्या तोंडचं पाणी पळालं.

वाक्य गुपचूप काढून टाकावं, तर तीही सोय नव्हती. रवाना झालेल्या अटींत नंतर एक स्वल्पविराम बदलला तरी सगळ्या ग्राहकांना सूचना जायची, आणि बदललेली ओळ पिवळ्या रंगात लखलखायची. हा नियम कोणी केला होता? कलमबाईनेच. कलम चार. पारदर्शकता म्हणून. आपल्याच पायावर धोंडा पाडून घ्यायचा, तर तो निदान हलका तरी निवडावा.

एरवी तिने जाऊन सरळ सांगितलं असतं. पण आठ दिवसांवर तिची कायम नेमणूक येऊन ठेपली होती. चार वर्षं ती दर सहा महिन्यांच्या करारावर होती. पुढच्या शुक्रवारी साहेब ठरवणार होते, कायम की रामराम. आणि कायम नेमणुकीच्या पत्राशिवाय तिला कोणी खोली भाड्याने देत नव्हतं. सबब वयाच्या चौतिसाव्या वर्षी ती आत्याकडे सोफ्यावर झोपत होती. सोफा तिच्यापेक्षा एक वीत आखूड होता. पाय बाहेर लोंबायचे, आणि पहाटे आत्या फुलझाडांना पाणी घालायला निघाली की तिला हटकून अडखळायची. स्वतःचं दार असलेली एक खोली, एवढंच कलमबाईला हवं होतं. दार आतून लावता आलं पाहिजे, बस्स.

"कोणी वाचू नका रे बाबांनो," तिने हात जोडले. चार वर्षं लोक वाचत नाहीत म्हणून कपाळ बडवणारी बाई आता लोकांनी वाचू नये म्हणून देव पाण्यात घालून बसली.

शुक्रवार गेला, शनिवार-रविवार गेला. सोमवारी सकाळी तिच्या टेबलावरचा फोन वाजला. 'कलम' हा शब्द उच्चारणारा प्रत्येक ग्राहक तिच्याकडेच जोडून द्यायचा अशी कचेरीत पद्धत होती, आणि चार वर्षांत तो फोन एकदाही वाजला नव्हता. त्याची घंटा कशी वाजते तेही कोणाला माहीत नव्हतं. तिघे जण दचकून उभे राहिले.

"कलम तेवीस," पलीकडून खणखणीत आवाज आला. "माझा मोजा गेला. हिरवा, काळ्या पट्ट्यांचा, डाव्या पायाचा. संचालक किती वाजता येतात?"

"डाव्या पायाचा?" कलमबाई एवढंच म्हणू शकली.

"चाळीस वर्षं मैदानावर पंच होतो, बाई. माझ्या मोज्यांना पाय ठरलेले असतात."

मंगळवारी ती डझनभर हिरवे मोजे घेऊन पंचांच्या दारात उभी राहिली. पंचांचं घर दोन खोल्यांचं, भिंतीवर खिळ्याला शिट्टी टांगलेली, आणि टेबलावर अटींची अठरा पानं. छापून काढलेली! समासात पेन्सिलीने खुणा! कलमबाई मोजे विसरली आणि त्या पानांकडे बघतच राहिली.

"तुम्ही सगळं वाचलंत?"

"म्हणजे काय! न वाचता मैदानात उतरायचं?" पंच म्हणाले. "दोन दिवस लागले. चांगलं लिहिलंय हो कोणीतरी. हे एकोणिसावं बघा. 'विसरलेले कपडे हलवावे लागल्यास घडी घालून ठेवावेत, कारण ते कोणाचे तरी आहेत.' नियम लिहिताना एवढी माया कोण लावतं? मी दोनदा वाचलं."

ते वाक्य तिने तीन वर्षांपूर्वी एका दुपारी अकरा वेळा खोडून लिहिलं होतं, आणि त्यानंतर आजपर्यंत जगातल्या एकाही माणसाने त्याबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं. ते मीच लिहिलंय, असं ओरडावंसं तिला वाटलं. पण ओरडली असती तर तेविसावंही तिच्याच गळ्यात पडलं असतं. तिने मोज्यांचं पुडकं पुढे केलं.

"मोजे नकोत," पंच म्हणाले. "मोजे बाजारात मिळतात. संचालक हवेत."

"साहेब फार कामात असतात हो."

"मग लिहायचं नव्हतं. लिहिलं की पाळायचं. मी उद्या त्यांना पत्र टाकतो."

"पत्र नको!" कलमबाई इतक्या मोठ्याने म्हणाली की शिट्टी हलली असावी. "येतील. उद्या चारला येतील."

आता संचालक आणायचे कुठून? कंपनीत एकच माणूस असा होता की जो कलमबाईच्या शब्दाबाहेर नव्हता. तो म्हणजे मशीन दुरुस्त करणारे पानाकाका. पन्नाशी उलटलेले, खिशात कायम एक पाना, म्हणून हे नाव. कलमबाईने त्यांच्या मुलीच्या कॉलेजचे सगळे अर्ज वाचून भरून दिले होते.

"मी आणि संचालक?" पानाकाका म्हणाले. "ताई, माझे हात बघा."

"हात खिशात ठेवा. बोलायचं कमी. कोणी काही विचारलं की म्हणायचं, 'बघतो, कळवतो.'"

"एवढंच?"

"साहेब तरी दुसरं काय म्हणतात?"

आत्याच्या कपाटातून आतोबांचा जुना कोट निघाला. त्याला डांबरगोळ्यांचा असा वास होता की बसमध्ये दोघांच्या शेजारची बाकडी आपोआप रिकामी झाली. बुधवारी चारच्या ठोक्याला पंचांनी दार उघडलं, पानाकाकांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, आणि सोफ्यावर बसवून सरळ मुद्द्याला हात घातला.

"तुम्ही संचालक?"

"बघतो, कळवतो," पानाकाका म्हणाले.

कलमबाईने डोळे मिटून घेतले.

"बरं. मग सांगा, कलम तेवीस काय म्हणतं?"

पानाकाकांनी कलमबाईकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, कोटाच्या खिशातला पाना चाचपला. कपाळावर घाम तरारला. "खरं सांगू का साहेब," ते शेवटी म्हणाले, "मी ते वाचलेलं नाही."

पंचांचा चेहरा खुलला. "म्हणजे खरेच संचालक आहात," ते म्हणाले. "मला वाटलं होतं, कोणाला तरी सोंग घेऊन पाठवतील. सोंगाड्या पाठ करून आला असता."

त्यापुढचा तासभर संचालकांनी मोजा शोधला. पलंगाखाली शोधला, गादीच्या खोळीत शोधला. पंच घड्याळ लावून उभे. शेवटी पानाकाकांच्यातला कारागीर काही केल्या दबून राहीना. ते उठले, तळघरात गेले, आणि आतोबांचा कोट कलमबाईच्या हातात देऊन त्यांनी मशीनची मागची पाठ सहा स्क्रू काढून खोलली. रबराच्या पट्टीमागे हात घातला आणि एक-एक करून बाहेर काढू लागले. करडा मोजा, बाळाचा मोजा, कोणाचा तरी रुमाल, आणखी एक करडा, आणि अकरावा हिरवा, काळ्या पट्ट्यांचा.

"डावा!" पंच ओरडले. ते ओलं फडकं त्यांनी गालाला लावलं, आणि कलमबाईला हसू आवरेना. पानाकाका हसायला लागले, मग पंचही. तिघं तळघरात फरशीवर बसून हसत होती आणि वरच्या मजल्यावरची एक बाई कपड्यांची टोपली घेऊन दारातूनच परत गेली.

घरी जाताना कलमबाईचा जीव भांड्यात पडला. तिने आत्याला खोलीच्या पडद्यांचा रंगसुद्धा विचारून ठेवला. पण पंच पडले न्यायी गृहस्थ. चांगल्या खेळाची दखल घेतल्याशिवाय त्यांना अन्न गोड लागत नसे. गुरुवारी सकाळी तळघराच्या भिंतीवर त्यांच्या टपोऱ्या अक्षरातला कागद झळकला: 'कलम तेवीस वाचा. संचालक स्वतः येतात. सज्जन माणूस. हात काळे, पण मन साफ.' कोणीतरी त्याचा फोटो काढला. फोटो या इमारतीतून त्या इमारतीत गेला. दुपारपर्यंत कलमबाईच्या टेबलावरचा फोन खाली ठेवायची सोय उरली नाही. संध्याकाळपर्यंत एकशे चाळीस मोज्यांची नोंद झाली. एका बाईंचं तर म्हणणं होतं की मोजा सहा वर्षांपूर्वी दुसऱ्याच कंपनीच्या मशीनमध्ये गेला, पण संचालक येणारच असतील तर त्याचंही बघावं.

शुक्रवारी दहा वाजता साहेबांनी सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं. सहा मंजुरीवाले एका रांगेत, कलमबाई दाराशी. साहेबांच्या टेबलावर तिच्या नेमणुकीचं पत्र उघडं पडलेलं.

"मी," साहेब म्हणाले, आणि त्यांचा आवाज चिरकला, "लोकांच्या घरी जाऊन मोजे शोधतो, असं सगळं गाव म्हणतंय. काल माझ्या सासूबाईंचा फोन आला. त्यांचे तीन हरवलेत!"

तेवढ्यात दार उघडलं. दोन्ही पायांत हिरवे मोजे घालून पंच आत आले, संचालकांचे जातीने आभार मानायला. त्यांच्यामागे, पाण्याच्या नळाची तक्रार बघायला निघालेले पानाकाका.

"हे काय संचालकसाहेब," पंच पानाकाकांना म्हणाले, "तुमच्यावर अवजारांची पेटी उचलायची वेळ आली?"

"बघतो, कळवतो," पानाकाका सवयीने म्हणून गेले.

मग जे काही झालं त्याला गोंधळ हा शब्द अपुरा आहे. साहेब म्हणत होते, संचालक मी. पंच म्हणत होते, पुरावा काय? सहा मंजुरीवाले एकाच वेळी बोलत होते, आणि प्रत्येकाचं म्हणणं एकच, की आपण त्या दिवशी जागेवरच नव्हतो. कलमबाईला वाटलं, आत्ता हळूच म्हणावं की यंत्राची चूक झाली. सगळ्यांनी ते आनंदाने मानलं असतं. तिने तोंड उघडलंही. पण टेबलापलीकडे पंच उभे होते, ज्यांनी एकोणिसावं कलम दोनदा वाचलं होतं. त्यांच्यासमोर तिला खोटं बोलवेना.

"मी लिहिलं," ती म्हणाली. "तेविसावं मी लिहिलं. तुम्ही वाचता का ते बघायला. चार वर्षं घालते आहे. पानाकाकांना मीच नेलं, त्यांचा दोष नाही."

साहेबांनी नेमणुकीचं पत्र उचललं, दोन्ही हातांत धरलं, आणि फाडायच्या बेताने अंगठे जुळवले.

"एकोणिसावंही तुमचंच?" पंचांनी तिला विचारलं. तिने मान हलवली. पंचांनी हात वर केला. "थांबा. मंजुरी कोणाची आहे?"

"माझी," साहेब म्हणाले. "पण मी ते वाचलं नव्हतं."

हे वाक्य त्या इमारतीत आजवर कोणी मोठ्याने बोललं नव्हतं. सहाही जणांनी आपापल्या बुटांकडे पाहिलं. साहेबांना आपलं वाक्य आपल्याच कानांनी ऐकू आलं आणि ते लाल झाले. तरी त्यांचे अंगठे पत्रावरून हटले नाहीत.

आणि कलमबाईची जन्माची खोड आडवी आली. समोर अक्षर दिसलं की तिला वाचल्याशिवाय राहवत नसे, मग ते उलटं असो की कोणी फाडायला धरलेलं. पत्राच्या खालच्या कोपऱ्यात तिची नजर अडकली.

"साहेब," ती म्हणाली, "याच्यावर तर तुमची सही आहे. सोमवारची."

"कसली सही?"

"तुमचीच. शिक्क्यासकट."

साहेबांनी पत्र उलटंसुलटं केलं. सही होती. दर सोमवारी सह्यांसाठी कागदांची चळत यायची आणि साहेब फोनवर बोलता बोलता ती संपवायचे. त्याच चळतीत कलमबाई सोमवारीच कायम होऊन गेली होती. पंचांच्या दारात ती मोजे घेऊन उभी होती तेव्हा कायम. आतोबांचा कोट हातात धरून तळघरात हसत होती तेव्हाही कायम. ज्या नेमणुकीसाठी तिने पाच रात्री डोळ्याला डोळा लावला नव्हता, ती कधीच झाली होती आणि झाल्याचं खुद्द करणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.

"मी हेही..." साहेब म्हणाले आणि थांबले.

"वाचलं नव्हतंत," पंचांनी पूर्ण केलं. "हरकत नाही. सही ती सही."

सगळ्यात आधी हसले ते साहेबच. आधी नाकातून, मग पोटातून, मग त्यांना खुर्चीत बसावं लागलं. पाठोपाठ सहा मंजुरीवाले, एकमेकांच्या खांद्यांवर डोकी टेकून. डोळे पुसत साहेबांनी पत्र टेबलावर ठेवलं आणि कोट चढवला. "पानाकाका, पेटी घ्या," ते म्हणाले. "आधी सासूबाईंकडे जाऊ. आणि जाता जाता मला ती बेचाळीस कलमं कोणीतरी वाचून दाखवा." पंच म्हणाले, मी दाखवतो, पानं खिशातच आहेत.

कलमबाईने पत्र ओढून घेतलं, साहेबांच्या सहीशेजारी आपली सही ठोकली आणि पत्र छातीशी धरून जिन्याकडे धावली. जिन्यात पेटी घेऊन उतरणारे पानाकाका भेटले.

"झालं का ताई? कायम?"

"कायम!"

"वा! मग आता शनिवारी यायचं की नाही?"

कलमबाईने छातीशी धरलेल्या पत्राकडे पाहिलं. "माहीत नाही."

"रजा किती?"

"माहीत नाही."

"निदान काम तरी तेच ना? का मशीन पुसायला लावलंय?"

"काका, मी वाचलंच नाही," ती म्हणाली, आणि स्वतःच थक्क होऊन पायरीवर बसली. पानाकाकांनी पेटी खाली ठेवली आणि कठड्याला धरून ते असे हसले की वरच्या मजल्यावरून कोणीतरी काय झालं म्हणून वाकून पाहिलं.

पत्र तिच्या मांडीवर होतं. दोन पानं, तीही मोठ्या टायपात. उघडून वाचायला पाच मिनिटं पुरली असती. पण तिच्या डोळ्यांसमोर एक खोली होती, खोलीला दार होतं, दाराला आतून कडी होती, आणि मध्ये कुठे कागद शिरायला जागाच नव्हती. तिला ते साठ हजार लोक आठवले. काखेत कपड्यांचं बोचकं, चुलीवर काहीतरी ठेवलेलं, पोराला सकाळी घालायचा शर्ट ओला व्हायच्या आधीच वाळायला हवा असलेला. चार वर्षं ती त्यांना आळशी म्हणत आली होती. बिचाऱ्यांना फक्त कपडे धुवायचे होते.